मयाल विकण्याआधी तिचं टोक तपासा: गावाकडच्या घरातली उधई

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात आईवडील राहतात. घर आजोबांच्या वेळचं आहे, भिंती मातीच्या, अर्ध्या घरावर धाबं (मातीचं सपाट छत), अर्ध्यावर कवेलू (कौलं). माजघराच्या चौकटीला उधई, म्हणजे वाळवी, लागलेली दिसली. जुनं सागवान विकत घेणारा एक जण घर पाहून गेला आणि म्हणाला, "सारं लाकूड पोखरलं, पावसाळ्याआधी उतरवा, मी उचलून नेतो अन् वरून पैसे देतो." पेस्ट कंट्रोलवाल्याने तर फोनवरच अख्ख्या घराच्या औषधाचा आकडा सांगितला. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. तो विचारतो, ऐकू कोणाचं?

दोघांचंही इतक्यात ऐकू नका. एकाला तुमचं सागवान हवं आहे आणि दुसऱ्याने घर पाहिलेलंच नाही. मी वर्धा-यवतमाळ भागात पंचवीसेक वर्षं घरांची लाकडं तपासतो, त्याआधी वडिलांच्या हाताखाली सुतारकाम करायचो. "सारं लाकूड गेलं" असं ज्यांना सांगितलं गेलं अशी कितीतरी घरं पाहिली. खरोखर सारं गेलेलं घर क्वचितच निघालं. बहुतेक ठिकाणी गेलेलं असतं ते पांढरं.

पांढरं म्हणजे सालीलगतचा फिकट थर. त्याच्या आतला तपकिरी गाभा, त्याला आम्ही नार म्हणतो. सागाच्या नारेत टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं आणि ते उधईला सोसत नाही. पांढऱ्याला तसं काही संरक्षण नाही, उलट त्यात किड्यांना आवडणारा स्टार्च असतो. आजोबांच्या काळी ओंडका वाकसाने तासून मयाल, म्हणजे छताचा भार घेणारी तुळई, चौकोनी करायचे. तेव्हा चारही कोपऱ्यांवर थोडंथोडं पांढरं राहून जायचं. उधई नेमकी तेवढंच खाते. खालून पाहणाऱ्याला कोपरे झडलेले, मातीने भरलेले दिसतात आणि पोटात गोळा येतो. पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) घेऊन खरवडत जा. दीड-दोन बोटं आत गेलं की नार लागते आणि पेचकस टणकन थांबतो. ती मयाल मध्यभागी तरी शाबूत आहे असं समजा.

सागवान घेणाऱ्याला हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. आपल्याकडचं सागवान म्हणजे काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी लाकूड गेलं ते बल्लारपूरहूनच. जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडाची एवढी जाड मयाल आज बाजारात मिळणं कठीण आहे. त्यामुळे जो फुकटात तपासणी करतो आणि लगेच माल उचलायला तयार होतो, त्याच्या निदानावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. उलटा प्रकारही मी बऱ्याचदा पाहतो. माजघरात शंभर वर्षांची चौकट जशीच्या तशी उभी आणि शेजारच्या खोलीची पाच वर्षांपूर्वी घेतलेली "सागाचीच" चौकट आतून भुसा. नवी चौकट कोवळ्या झाडाची असते, अर्धीअधिक पांढरीच. तुमच्याकडे उधई लागलेली चौकट जुनी की नंतर बसवलेली, ते आईला विचारून घ्या. तेवढ्यावर बरंच काही ठरतं.

आता तपासणी. ही तुम्ही स्वतः सुट्टीत येऊन एका दिवसात करू शकता. चांगली टॉर्च, जाड पेचकस, हातोडी, निसणी (शिडी) आणि जुनं धोतर किंवा पांढरा कपडा एवढं पुरतं. गावातला जुना सुतार गिरमिट (लाकडाला भोक पाडायचं अवजार) घेऊन आला तर फार उत्तम, ते का ते पुढे सांगतो.

घरात शिरण्याआधी घराला बाहेरून एक फेरी मारा. आपल्याकडच्या उधईचं घर जमिनीत असतं. ती लाकडात राहत नाही, लाकडापर्यंत ये-जा करते. अंगाची कातडी इतकी पातळ की उघड्या हवेत सुकून मरेल, म्हणून माती आणि लाळेची झाकलेली वाट बांधत येते. तर प्रश्न असा की ती जमिनीतून भिंतीवर चढली कुठून? आमच्या भागात दहा घरांत सहा-सात वेळा उत्तर एकच असतं, आणि ते म्हणजे भिंतीला टेकवून रचलेली पऱ्हाटी, कपाशीची वाळकी झाडं. कापूस निघाला की पऱ्हाटी उपटून आणतात आणि परसात भिंतीलगत छातीएवढी रास लावतात, त्यातच तुराट्या, बाभळीचे फाटे. खालचा थर मातीला चिकटलेला, ओलसर, पावसाळाभर हललेला नाही. उधईसाठी हा पंगतीचा मांडव आणि तिथून भिंतीवर जायला शिडीसुद्धा. देवळीकडच्या एका आजीने मला भिंत दाखवून म्हटलं होतं, "काय सांगू भाऊ, दरसाली सारवतो न दरसाली निंगते." भिंतीला कुणीच दोष देऊ नये अशी ती भिंत होती. मागच्या बाजूला पऱ्हाटीची रास हटवली तर खालच्या काड्या नुसत्या मातीच्या नळ्या होऊन पडल्या होत्या, हातात घेतली की चुरा. रास गोठ्यापलीकडे दगडांवर रचायला लावली, त्या भिंतीची वाट तोडली, तिथल्या जमिनीत औषध दिलं आणि पुढच्या वर्षी आजीने फोन केला तो सुनेच्या बाळंतपणाचं सांगायला.

दुसरी गोष्ट पाणी. न्हाणीचं सांडपाणी जोत्याच्या बुडाशी मुरतं का, वळचणीचं पाणी कुठे पडतं, कवेलू कुठे सरकला आहे, रांजण भिंतीला लागून कोणत्या कोपऱ्यात आहे, हे सगळं पाहा. उधई कोरड्या भिंतीवरही चढते, पण मुक्काम ओलीजवळ करते. तुमच्याकडे काळी माती असणार. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. या ओढाताणीत जोत्याला आणि फरशीला चिरा जातात आणि उधईला आयतं दार मिळतं. या भेगा औषधाच्या वेळी आणखी एक घोळ करतात, त्याकडे येतोच.

शेतातलं किंवा परसातलं वारूळ पाहून घाबरू नका, ते पाडत बसू नका. त्यातल्या जातीची मुख्य गुजराण वाळका पाला, काटक्या, झाडाची मेलेली साल यांवर चालते, आणि ती आत बुरशीची शेती करते. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे श्रावण-भादव्यात ज्या सात्या (अळंब्या) चवीने खातात त्या या शेतीतूनच वर आलेल्या. ही जात घरात शिरतच नाही असं नाही, पण वारूळ लांब आहे आणि मध्ये वाट दिसत नाही तर ते तसंच असू द्या.

आता आत या. मातीच्या घरात एक अडचण असते. सारवणाने सगळं झाकून जातं. आई दर सणाला भिंत सारवते आणि उधईची वाट त्याखाली मुकाट चालू राहते. म्हणून समोरून उजेड टाकू नका. टॉर्च भिंतीला गाल लावल्यासारखी टेकवून आडवी धरा. त्या तिरप्या उजेडात सपाट वाटणाऱ्या भिंतीवर हाताच्या शिरेसारखी फुगीर रेघ उठून दिसते, पेन्सिलीएवढी जाड, बहुधा कोपऱ्यातून किंवा चौकटीच्या कडेने वर गेलेली. अशी रेघ सापडली की खडूने खूण करा. धान्याच्या कोठीमागे, देव्हाऱ्यामागे, वर्षानुवर्षं न हललेल्या पेटीखाली आणि चौकटीच्या पायांशी ही तपासणी जरूर करा. कागदपत्रांच्या ट्रंका आधी पाहा. सातबारा आणि फेरफाराच्या जुन्या नकला उधईने खाल्ल्या म्हणून तहसीलच्या चकरा मारणारे मला माहीत आहेत.

चौकटीचा पाया म्हणजे जमिनीपासूनची पहिली वीतभर. तिथे पेचकसाच्या मुठीने ठोका. भरीव लाकूड "टक" म्हणतं, पोखरलेलं "ढप" म्हणतं. हा फरक सांगून कळत नाही, आधी चांगल्या लाकडावर दहा वेळा ठोकून कान तयार करा. रंग दिलेली चौकट जास्त फसवते. उधई आतलं सगळं खाऊन रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवते. बोटाने दाबलं की तो पापडासारखा आत जातो.

खूण केलेल्या वाटेचा मधला बोटभर तुकडा पेचकसाने उडवा. वरचा आणि खालचा भाग तसाच राहू द्या. आत पांढुरक्या, मऊ, धांदल करणाऱ्या कामकरी उधया दिसल्या तर प्रश्नच मिटला. नाही दिसल्या तरी लगेच निष्कर्ष काढू नका. तीन-चार दिवसांनी पाहा. तुटलेल्या जागी ओलसर, गडद नवी माती भरलेली असेल तर वाट जिवंत आहे. तसंच भगदाड, कडा कोरड्या आणि ठिसूळ, तर ती जुनी, सोडलेली. जुन्या वाटेवर औषधाचे पैसे घालवणारी घरं मी भरपूर पाहिली आहेत. आणि एक विनंती, वाट दिसल्याबरोबर तिच्यावर झुरळाचा स्प्रे मारू नका. समोरच्या दोन-चारशे मरतात, बाकीच्या वाट बदलतात, आणि मग माग लागत नाही.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या उधयांची झुंबड उडते आणि लोक घाबरून फोन करतात. बाहेरून दिव्याकडे आल्या असतील तर त्याचा तुमच्या घराशी संबंध असेलच असं नाही. पण त्या घरातल्याच भिंतीच्या बुडातून किंवा चौकटीच्या फटीतून निघताना दिसल्या, तर घराखालीच बिऱ्हाड आहे. ती जागा लगेच खुणेने ठेवा, दुसऱ्या दिवशी फक्त पंख उरतात. पंखवाल्या मुंग्याही त्याच दिवसांत निघतात. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे, उधईची कंबर जाड आणि चारही पंख सारखे.

आता मयाल. इथे मी स्वतः चुकलेलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आर्वी तालुक्यात धाब्याचं एक घर तपासलं. पाच मयाली होत्या. पाचही खालून ठोकल्या, मधोमध पेचकस टोचला, सगळीकडे टणटणीत नार. मालकाला म्हटलं, चिंता सोडा, घर पन्नास वर्षं हलत नाही. त्याच पोळ्याच्या आसपास झडीत धाब्याची माती पाणी पिऊन जड झाली आणि कोपऱ्यातली मयाल एका बाजूने वीतभर खाली बसली. सुदैवाने ती खोली कापसाची होती, माणसं पलीकडे झोपली होती. मी गेलो, टोक उघडं करून पाहिलं. मयालीचं जे टोक भिंतीत दीड-दोन फूट रोवलेलं होतं, ते संपलं होतं. बाहेर दिसणारी नऊ हात मयाल उत्तम, आणि भिंतीच्या आत लाकडाच्या आकाराची माती.

कारण साधं होतं, मला सुचायला हवं होतं. त्या कोपऱ्यावर धाब्याचं पन्हाळ तुंबलं होतं. पाणी भिंतीत उतरत होतं आणि टोक वर्षानुवर्षं ओलं राहत होतं. ओल्या लाकडाला आधी बुरशी लागते, नार मऊ पडते. पाण्याने नारेतली कडू द्रव्यंही हळूहळू धुऊन जातात. मग उधईला सागाचंही वावडं राहत नाही. मयालीचा सगळा भार मात्र त्या टोकावरच असतो. मधला भाग थोडा खाल्ला गेला तर लाकूड वाकून इशारा देतं, टोक इशारा देत नाही.

तेव्हापासून मी मयाल मध्यापासून नाही, टोकापासून तपासतो. सुताराला निसणीवर चढवून भिंतीला लागून, खालून तिरपं, भिंतीत शिरणाऱ्या टोकाच्या रोखाने गिरमिट चालवायला सांगा. बोटाच्या पेराहून बारीक भोक पुरे, त्याने मयाल कमजोर होत नाही. हाताचं गिरमिट घ्या, मशीन नको. मशीन लाकूड आणि माती सारख्याच उत्साहाने कापते, हाताला मात्र कळतं. चांगल्या सागातून गिरमिट करकर करत जातं, तपकिरी, वळलेले छिलके निघतात आणि सागाचा तो तेलकट वास येतो. खाली कपडा धरा आणि छिलके बघत राहा. छिलक्यांऐवजी काळसर भुगा यायला लागला की बुरशी. ओलसर माती आली की उधई. आणि गिरमिट एकदम सुळकन आत गेलं, हाताला काहीच लागलं नाही, तर त्या खोलीत कोणी झोपायचं नाही आणि त्याच दिवशी मयालीखाली टेकू द्यायचा. प्रत्येक टोकाला हे करा, मग भोकात कडुनिंबाची किंवा सागाची खुंटी ठोकून बंद करा. वरून पाणी उतरणारे कोपरे सगळ्यात आधी.

टोक गेलेलं निघालं तरी मयाल विकायची गरज नाही. भिंतीला लागून आतून खांब उभा करून त्यावर मयाल घेता येते, किंवा मयाल उतरवून खराब टोक कापून ती लहान खोलीला वापरता येते. ज्याला ती "पोखरलेली" म्हणून हवी होती, तोही तेच करणार होता.

मयाली पाहताना लाकडाखाली पीठ पडलेलं दिसलं तर ती उधई नव्हे. तो घुण. सकाळी उठावं तर बाजेवर, डब्यांच्या झाकणांवर मैद्यासारखं पिवळसर पीठ, आणि बांबूला किंवा पांढऱ्या लाकडाला सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. उधई अशी भोकं पाडत नाही आणि पीठही सांडत नाही, ती रिकाम्या जागेत माती भरते. घुणाला जमिनीशी देणंघेणं नसतं, त्यामुळे त्यासाठी जमिनीत औषध ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. पीठ झाडून खाली कागद अंथरा, आठ-पंधरा दिवसांत नवं पडलं तर किडा जिवंत आहे. कवेलूखालचे बांबू असे लागले असतील तर ते बदला आणि नवे घालताना दोन-तीन आठवडे वाहत्या किंवा बदलत्या पाण्यात बुडवून, वाळवून, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घाला. पाण्याने स्टार्च निघून जातो, घुणाचं अन्नच संपतं. अंगठ्याएवढं गोल भोक दिसलं आणि दुपारी भुंग्याचा आवाज येत असेल तर तो सुतार भुंगा, सालभरात फार नुकसान करत नाही. भोक पाचरीने बुजवा.

राहिलं औषध. चालू वाट सापडल्याशिवाय ते करू नका आणि सापडली तर टाळू नका. ओसरीला सिमेंटची फरशी असेल तर भिंत-फरशीच्या सांध्यावर दर 30 सेंटीमीटरला 12 मिलिमीटरचं भोक पाडून प्रत्येकात लिटरभर द्रावण देतात. बांधून झालेल्या इमारतींसाठीच्या आयएस 6313 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात ही रीत आहे. पण ती पक्क्या बांधकामाची. मातीच्या भिंतीच्या बुडात कोणी असं लिटरच्या लिटर औषध सोडायला निघाला तर त्याला थांबवा, त्याने उधई मरेल आणि भिंतही बसेल. मातीच्या घराला बाहेरून, भिंतीपासून हातभर सोडून चर खणून माती भिजवावी, तीही उन्हाळ्यात, थोड्या-थोड्या हप्त्यांनी. आणि भेगांचं म्हटलं होतं ते हे: काळ्या मातीच्या उघड्या भेगेत ओतलेलं औषध भिजवत नाही, थेट खाली पळतं. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर त्या बाजूला हे औषध करूच नका. आधी पाणी शिंपडून भेगा मिटू द्या, मग चर. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध उधईला वासाने कळत नाही, ती त्यातून फिरते आणि घरच्यांना लावते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी "गुण नाही" म्हणून भांडू नका.

शेतात उरलेली फवारणीची बाटली घरात वापरायची नाही. 2017 च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यात वीसवर माणसं दगावली, ती उघड्या शेतात. बंद माजघरात, आईवडील रात्री तिथेच झोपणार, तिथे तर विचारच नको. जळकं ऑइल लावायचा सल्ला गावात कोणीतरी देईलच. ते वरवर राहतं, आतल्या उधईपर्यंत पोचत नाही आणि चुलीजवळच्या लाकडाला आगीचं भय. बिब्ब्याचं तेल जुने लोक गाडीच्या लाकडाला, खांबाच्या बुडाला लावायचे. ते खरंच काम करतं, पण बिबा उततो, लावणाऱ्याच्या हाता-तोंडाला फोड येतात. जमिनीत गाडायच्या नव्या खांबाला हातमोजे घालून लावा, राहत्या घरात नको.

तुमच्या बाबतीत एवढंच सांगतो. या आठवड्यात वडिलांना पऱ्हाटी भिंतीपासून हलवायला आणि पन्हाळं साफ करायला सांगा. चौकटीजवळची वाट बोटभर तोडून चार दिवसांनी फोटो मागवा. अक्षय तृतीयेला गावी जाणार असाल तर सुताराला आधीच सांगून ठेवा आणि सगळ्या मयालींची टोकं त्याच्याकडून गिरमिटाने पाहून घ्या, धाब्याच्या बाजूच्या आधी. प्रत्येक टोकाचे छिलके वेगळ्या पुडीत बांधून वर खोलीचं नाव लिहा. त्या पुड्या पाहून मला किंवा कुठल्याही जाणत्या सुताराला अर्ध्या तासात सांगता येईल की कुठे टेकू लागेल आणि कुठे काहीच करायचं नाही. सागवानवाल्याला तोवर म्हणा, मुलगा आल्यावर बोलू.